दुपारच्या नद्या

सोमवार, ६ ऑक्टोबर

नाव देऊन आले! डोक्याने नाही म्हणायच्या आत हाताने लिहूनही टाकलं.

सासूबाईंचं पुस्तक बदलायला वाचनालयात गेले होते. दारावर कागद चिकटवलेला – दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे वाचक हवेत, रोज अर्धा तास पुरे. अर्धा तास पुरे! लिहिणाऱ्याला वाटलं असेल, किती कमी मागतोय आपण. माझ्याकडे अर्धा तास असता तर मी तो झोपून काढला असता. असं मनात म्हणत म्हणतच नाव लिहिलं.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तुझा दिवस अजून चोवीस तासांचाच आहे ना? की मला न सांगता वाढवून घेतलास?" सासूबाई म्हणाल्या, "वाचू दे की तिला. मला तरी कुठे कोण वाचून दाखवतंय." टोमणा आणि पाठिंबा एका वाक्यात बसवणं त्यांनाच जमतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पुस्तक मिळालं. भूगोलाचं. जुनं, जाडजूड, पानं पिवळी. छपाई इतकी पुसट की मशीनचा आवाज त्यातलं भलतंच वाचतो म्हणे, म्हणून माणूस हवा. तो कागद लावणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी बोट वर करून नियम सांगितला – "जे छापलंय तेच. चुकलात तर मागे जाऊन पुन्हा वाचा. आपल्या मनाचं एक अक्षर नको." मी मान डोलावली, पण मनात हसले. कवळ्या करणाऱ्या बाईला अचूकपणा कोण शिकवणार! केसाएवढं इकडचं तिकडे झालं तर हिरडीला टोचतं आणि गिऱ्हाईक तीन दिवस जेवत नाही.

ऐकणारी एकच आहे. एक मुलगी, सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणारी. ३० नोव्हेंबरला पेपर. दोनदा थोडक्यात हुकली आहे, ही तिसरी खेप आणि शेवटची. यानंतर बसूच देत नाहीत. तिच्या सरांचा या एका पुस्तकावर फार भरवसा. म्हणजे आता तो भरवसा माझ्या घशावर आला!

रविवार, १२ ऑक्टोबर

अर्ध्या तासाचा शोध चालू आहे.

पहाटे वाचून पाहिलं – पर्वतांच्या मधोमध कुकरची शिट्टी. गच्चीवर गेले – शेजारचा कुत्रा प्रत्येक पूर्णविरामाला भुंकतो. न्हाणीघरात आवाज असा घुमतो की वाचणारी विहिरीत पडली आहे आणि तिथून ज्वालामुखींची माहिती देते आहे असं वाटावं. शेवटी कपाटात डोकं घालून साड्यांच्या मध्ये बसले. एक पान छान झालं. मग नवऱ्याने दार उघडून विचारलं, "रागावलीस का?"

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सापडली जागा!

आमच्या दातांच्या लॅबमध्ये भट्टीच्या भिंतीला लागून प्लास्टरची खोली आहे. पोती, डबे, आणि छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर गावातल्या लोकांचे जबडे, पांढऱ्या प्लास्टरचे, नंबर घातलेले. जुने साचे टाकून द्यायचे नाहीत असा मालकांचा नियम. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. भिंत भट्टीने कोमट झालेली असते. दुपारी सव्वा ते दोन जेवणाची सुट्टी. दहा मिनिटांत डबा संपवला की उरलेला वेळ माझा.

आज पहिली फाइल केली. समोर चार-पाचशे जबडे आ वासून ऐकत होते. असा श्रोतृवर्ग कुणाला मिळतो!

दोनच्या घंटेच्या आधी मौनीबाबा प्लास्टर न्यायला आत आले. मौनीबाबा हे मी ठेवलेलं नाव. कवळ्या मी करते, दातांवर बसवायच्या कॅप ते करतात. सहा वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसतोय, पण "हं" आणि "अंहं"च्या पलीकडे त्यांच्याकडून शब्द म्हणून नाही. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून सरकवतात. मी काही विचारलं की खाली बघतात. शिष्ट माणूस! आजही माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि डबा घेऊन निघून गेले. मी जागा अडवली म्हणून रागावले असतील. रागवोत.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पाच फाइली. फाइल झाली की तिथूनच त्या मुलीला पाठवून देते. पुन्हा ऐकून बघायला हवी, पण तोवर घंटा होते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

त्या खोलीतली दुपार निराळीच असते. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येते आणि तिच्यात प्लास्टरची धूळ तरंगत राहते, खाली बसायची घाई नसल्यासारखी. मी वाचते – नदी डोंगरातून निघते, गाळ घेऊन येते, मैदानात आली की हळू होते. तशी मीही हळू होत जाते. पाठीला कोमट भिंत, पोटात डबा. शब्द डोळ्यांतून आत जातात आणि तोंडातून बाहेर येतात, मध्ये कुठे थांबत नाहीत. घरी मी एक वाक्य पुरं बोलत नाही. कुणीतरी हाक मारतं. इथे मी पानंच्या पानं बोलते आणि सगळे जबडे गप्प!

सकाळपासून रात्रीपर्यंत हा एवढाच तुकडा माझा वाटतो. खरं तर तो मी त्या मुलीला दिला आहे. दिल्यावरच तो माझा झाला, ही गंमत कुणाला सांगणार?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज बहुतेक डोळा लागला. पण घंटा झाली तेव्हा पुस्तक पुढच्याच पानावर होतं. म्हणजे वाचलं असणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

त्या मुलीचा निरोप आला, बोललेला. आवाज खणखणीत, थोडा घाईचा. "मावशी, तुमच्या आवाजात पाणी वाहतं हो. आधीच्या वेळी एक काका वाचायचे, ते सगळं बातम्यांसारखं वाचायचे. तुमचं ऐकताना मला नदी कुठे वळते ते कळतं."

तीनदा ऐकला. नवऱ्यालाही ऐकवला. तो म्हणाला, "पाणी वाहतं? पाणीपुरवठ्यात मी आहे आणि वाहतं तुझं!" पण त्याला बरं वाटलं, हे कळलं मला. जेवताना पुन्हा लाव म्हणाला.

सोमवार, १० नोव्हेंबर

पुस्तक संपलं! सव्वीस फाइली. शेवटच्या पाच सगळ्या समुद्राच्या – भरती-ओहोटी, प्रवाह, बेटं. गेला आठवडाभर मी जणू होडीतच होते. आज फळ्यांवरच्या मंडळींना उगीच नमस्कार केला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तिचा फोन आला. "मावशी, एक शंका होती. 'दुपारच्या नद्या' हा प्रकार दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीये. सरांनाही माहीत नाही. मी तर नोट्समध्ये घेतलाय, पाठही केलाय. पान नंबर सांगता का?"

दुपारच्या नद्या?

पुस्तक दोनदा चाळलं. कुठेच नाही. उद्या फाइल ऐकते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नववी फाइल, एकविसावं मिनिट. माझाच आवाज. जरा जड, पण कुठे अडखळत नाही. पुस्तकाच्याच थाटात. शब्द न् शब्द उतरवून ठेवते, शिक्षा म्हणून –

"दुपारच्या नद्या आकाराने लहान असून त्या साधारण दीड वाजता उगम पावतात. त्यांना समुद्रापर्यंत जाण्यास वेळ नसतो. त्या मध्येच एखाद्या पायरीवर बसतात. त्यांच्या काठी राहणारे लोक हळू बोलतात व एकमेकांचे पाणी भरून ठेवतात."

मग थोडी शांतता. मग घसा साफ करून मी पुन्हा छापील मजकुरावर येते, काही झालंच नाही अशी!

मी झोपेत वाचत राहिले. डोळे मिटले आणि तोंड चालू राहिलं. हसू आलं आधी, खोटं कशाला लिहू. मग तिचं "पाठही केलाय" आठवलं. पेपरात हे लिहिलं असतं तर? आणि अजून कुठे कुठे असं केलंय मी? एकही फाइल पुन्हा ऐकलेली नाही. एकही नाही! वेळ नव्हता, वेळ नव्हता – हेच म्हणत आले आणि तिचं वर्ष घेऊन बसले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सांगितलं. झोपले होते, मनाचं बोलले, असं अजून असेल, कुठे ते माहीत नाही.

ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला शंका आली तर तुम्ही पान उलटून बघता. मी काय उलटू?"



"तो भाग मला सगळ्यांत आवडला होता," असंही म्हणाली, चिडून. आणि मग एकदम कामाचं – "सगळं तपासा. कुठल्या फाइलीत, कितव्या मिनिटाला, यादी करा. २७ तारखेच्या गुरुवारपर्यंत. त्यानंतर मी डोक्यातलं काही बदलणार नाही, गोंधळ होतो." फोन ठेवला. मावशी, ठेवते, असं नेहमी म्हणते. आज म्हणाली नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सव्वीस फाइली, प्रत्येकी जवळजवळ अर्धा तास. नुसतं ऐकून चालत नाही, पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचं. दुपारच्या सुट्टीत एक होते. बाकीच्या कधी?

मालकांकडे दोन दिवसांची रजा मागितली. "बाई, अकरा कवळ्या पडून आहेत, लोक पातळ पेज पिऊन बसलेत." खरंच आहे तेही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल रविवारी दिवसभर बसून बारा फाइली उरकल्या. आज पहाटे साडेपाचला उठून बसले तर नवरा आधीच टेबलाशी, चष्मा लावून, पुस्तक उघडून. "तू डबे कर. फोन मोठ्याने लाव. बोट मी ठेवतो." बोलले असते तर रडले असते. गॅस पेटवला.

तेराव्या फाइलीत तो ओरडला, "सापडलं!" मीटरमधली चोरी सापडल्यासारखा खूश. मग माझा चेहरा बघून ओशाळला. त्यात मी कवळीला द्वीपसमूह म्हटलं आहे. "या द्वीपसमूहात वरची सोळा व खालची सोळा बेटे असून रात्री ती पेल्यात उतरवून ठेवतात." सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्यावरून आहे ते!"

बुधवार, १९ नोव्हेंबर

सतराव्या फाइलीत, वाऱ्यांच्या धड्यात, आणखी एक –

"स्वयंपाकघराकडून बैठकीच्या खोलीकडे वाहणारे वारे हे नित्य वारे होत. ते वर्षभर वाहतात. त्यांची नोंद घेण्यात येत नाही, कारण ते थांबल्याचे उदाहरण उपलब्ध नाही."

नवऱ्याचं बोट पानावर फिरत राहिलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा ऐकलं. "पुस्तकात नाही हे," म्हणाला. नाही, मी म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाला, "खरं आहे पण." आणि उठून चहाचं भांडं घासायला लागला. तळ नीट घासला नाही. मी नंतर, तो गेल्यावर, पुन्हा घासलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सासूबाईंना ताप. खोकला थांबत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

तीन दिवस दवाखाना आणि घर. नवरा रिपोर्टांसाठी पळतोय, मी उशाशी. एकही फाइल झाली नाही. सासूबाई धापा टाकत म्हणतात, "माझ्यापाशी बसून ऐक की." लावून पाहिलं, पण खोकल्यात मजकूर सापडत नाही, आणि पुस्तक बघू की त्यांच्याकडे बघू? बंद केलं.

खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेली एकच चादर, वाऱ्याने फुगून खाली बसणारी. किती वेळ बघत होते कोण जाणे. डोळे उघडे ठेवून झोपायची कलाही आता येते मला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ताप उतरला. कालपासून पुन्हा बसलो दोघे. एकोणिसाव्या फाइलीत एक छोटं वाक्य सापडलं, "ढग हे मूलतः दमलेले असतात." बाकी स्वच्छ. एकविसावी संपली. उद्या गुरुवार!

मौनीबाबा आज दुपारी दारात येऊन उभे राहिले. मी कानाला फोन लावून पुस्तकावर बोट फिरवत होते. काहीतरी सांगायचं असल्यासारखे उभे होते. मी वैतागून म्हटलं, "प्लास्टर हवंय का? घ्या ना." हात झटकून निघून गेले. उभं राहून वेळ खायचा दुसऱ्याचा!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

यादी दिली. चार फाइली, चार जागा, मिनिटांसकट. आणि सांगितलं की बावीस ते सव्वीस तपासून झाल्या नाहीत. शेवटी शेवटी मी फारच थकले होते, त्यात काय असेल सांगता येत नाही. हात लावू नकोस.

"म्हणजे माझा समुद्रच गेला," ती म्हणाली.

रागावून नाही. नुसतंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज तिचा पेपर. तीन तास मी घरातली सगळी कपाटं आवरली.

सोमवार, १ डिसेंबर

दोन ओळींचा निरोप. "पेपर झाला. वीस गुणांचा प्रश्न समुद्रप्रवाहांवर होता."

समुद्रप्रवाह म्हणजे चोविसावी फाइल.

उलट फोन करायचा धीर झाला नाही. दिवसभर मेणात दात बसवत होते आणि एकही ओळीत बसेना. तीन दात काढून पुन्हा लावले. वीस गुण! दोनदा ती थोडक्यात हुकली होती, आणि हे काही थोडकं नाही. मीच म्हटलं, हात लावू नकोस. लावला असता तरी काय मिळालं असतं, कुठली तरी पायरीवर बसलेली नदी. कुणी सांगितलं होतं वाचायला? अर्धा तास नव्हता माझ्याकडे, तर नव्हता म्हणायचं होतं. त्या कागदासमोरून सरळ पुढे जायचं होतं. नवरा म्हणतो, तू मुद्दाम केलंस का? मुद्दाम केलं नाही म्हणून तिचे गुण परत येणार आहेत का? चोविसावी फाइल फोनमध्ये आहे. उघडवत नाही. दिवा मालवून पडले तरी कानात आपलाच आवाज, गुळगुळीत, कुठे न अडखळणारा. इतका कसा विश्वास वाटावा असा आवाज असतो माणसाचा!

मंगळवार, २ डिसेंबर

तिचा फोन. "पूर्ण लिहिलं की! ऐकली मी चोविसावी, समुद्राचं सगळं शेवटासाठीच राखून ठेवलं होतं." मी किंचाळलेच – अगं, नको म्हटलं होतं ना? मी झोपले असले तर? "झोपला होतातच. सातव्या मिनिटाला. चक्क घोरत होतात. मग कुणीतरी आलं, पुस्तक उचलल्याचा आवाज झाला, आणि पुढचं वाचायला लागलं. एक काका. किती अडखळतात हो ते! एकेक शब्द तीन-तीनदा सुरू करतात, 'समुद्रा'शी तर अडकूनच बसतात. पण थांबले नाहीत. धडा संपवला आणि हळूच दार ओढून गेले. मावशी, ज्याला एकेक शब्द काढायला एवढे कष्ट पडतात, तो आपल्या मनाचं कशाला घालेल?"

फाइल ऐकली. पूर्ण.

सहा वर्षं! आणि मी त्यांना शिष्ट समजत होते.